मच्छरदाणीबाहेरचे वय

घरात मच्छरदाणी एकच असेल तर रात्री तिच्यात कोण झोपते? हिवतापाच्या मुलखात कुठेही विचारा, उत्तर साधारण सारखेच येते: तान्हे मूल आणि त्याची आई. दुसरी असली तर घरातली कर्ती माणसे. बारा-चौदा वर्षांची पोरे ओसरीवर, अंगणात, मिळेल त्या खाटेवर नाहीतर चटईवर. यात आईबापांचा निष्काळजीपणा नाही. सर्वांत नाजूक जीव आधी जपायचा, हा कोणत्याही घराचा हिशेब असतो, आणि सरकारी आरोग्यसेवेनेही वर्षानुवर्षे तोच केला. आफ्रिकेतल्या १८ देशांमधल्या घरोघरच्या पाहण्या एकत्र तपासून २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाणीत कोणत्या वयाची माणसे किती झोपतात, हे त्यात पाहिले होते. सर्वांत कमी संरक्षण मिळालेला वयोगट निघाला ५ ते १९ वर्षांचा.

जगभरात २०२३ साली हिवतापाचे अंदाजे २६ कोटी ३० लाख रुग्ण झाले आणि ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. यातले सुमारे ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेतले, आणि तिथल्या दर चार मृतांपैकी तिघे पाच वर्षांखालचे. त्यामुळे लहान मुलांना अग्रक्रम मिळाला यात चूक काहीच नव्हती. चूक पुढे झाली. दहा ते एकोणीस वर्षांची मुले धडधाकट दिसतात, धावतात, कामाला हात लावतात, म्हणून त्यांना हिवतापाची फारशी झळ नाही असे आपण धरून चाललो. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. गावातून हिवताप हटवायचा असेल तर या धडधाकट दिसणाऱ्या मुलांकडे आधी पाहावे लागेल. त्यांच्या स्वतःच्या जिवासाठी तर खरेच, पण गावासाठीही.

असे का, हे समजायला शरीर हिवतापाशी कसे झुंजते ते पाहावे लागते. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८९९-१९०० च्या सुमारास जावा आणि न्यू गिनी येथे गावकऱ्यांचे रक्त तपासले. लहान मुलांच्या रक्तात हिवतापाचे परजीवी भरपूर सापडत, त्याच गावातल्या मोठ्या माणसांच्या रक्तात क्वचित. वारंवार लागण होता होता शरीर प्रतिकार शिकते, हे त्याने ओळखले. पुढे १९६१ मध्ये कोहेन आणि मॅकग्रेगर यांनी गॅम्बियात त्याचा पुरावा दिला. मोठ्या माणसांच्या रक्तातले प्रतिपिंड वेगळे काढून त्यांनी हिवतापाने आजारी मुलांना टोचले, आणि त्या मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने घटले.

पण ही प्रतिकारशक्ती गोवरासारखी नसते. गोवर एकदा होऊन गेला की सुटका होते. हिवतापाच्या फाल्सिपेरम जातीचा परजीवी तांबड्या पेशीत शिरला की पेशीच्या पृष्ठभागावर स्वतःचे एक प्रथिन आणून ठेवतो. त्या प्रथिनामुळे पेशी रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटून राहते आणि प्लीहेत जाऊन नष्ट होण्याचा धोका टाळते. हे प्रथिन बनवणारी सुमारे ६० जनुके त्याच्याजवळ असतात व तो ती आलटूनपालटून वापरतो. शरीर एका रूपाविरुद्ध प्रतिपिंड तयार करते, तोवर दुसरे रूप पुढे आलेले असते. अशी बरीच रूपे ओळखीची व्हायला कित्येक वर्षे आणि कित्येक तापांची आजारपणे जावी लागतात. त्यातही क्रम ठरलेला असतो. जिवावर बेतणाऱ्या आजारापासून संरक्षण आधी मिळते, तापापासून नंतर. लागण होऊच नये इतका प्रतिकार बहुधा कधीच येत नाही.

कुमारवय या वाटेच्या मध्यावर आहे. जिथे हिवताप सतत असतो अशा गावातल्या तेरा वर्षांच्या मुलाला पाचव्या वर्षी यायचा तसा फणफणून ताप आता येत नाही. थोडे अंग मोडून येते, दोन दिवस भूक लागत नाही, इतकेच. काहींना तेवढेही जाणवत नाही. परजीवी मात्र रक्तात असतातच, आणि त्यांपैकी काहींनी डासाच्या पोटात वाढू शकणारे नर-मादी रूप घेतलेले असते. ताप नाही म्हणून कुणी रक्त तपासत नाही. तपासत नाही म्हणून औषध नाही. आणि औषध नाही म्हणून हे परजीवी आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने रक्तात राहतात. मलावी आणि युगांडात झालेल्या अभ्यासांत हे स्पष्ट दिसले. रक्तात परजीवी असणाऱ्यांचे सर्वांत मोठे प्रमाण शाळकरी वयात होते, आणि डासांना लागण होण्यातही याच वयाचा वाटा त्यांच्या संख्येच्या मानाने फार मोठा होता. यात आणखी एक भर. डास माणसाच्या उच्छ्वासाचा आणि अंगाच्या वासाचा माग काढत येतो, त्यामुळे मोठे शरीर त्याला जास्त ओढून घेते. अंगणात उघड्यावर झोपलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला तान्ह्या बाळापेक्षा कितीतरी जास्त डास चावतात.

हा झाला सतत हिवताप असलेल्या गावांचा हिशेब. आपल्याकडचा प्रश्न आणखी अवघड आहे, कारण आपल्याकडे तो सगळीकडे सारखा नाही.

महाराष्ट्रात हिवतापाचे दोन मोठे मुक्काम आहेत: मुंबई आणि गडचिरोली. मुंबईचा हिवताप बहुतांशी व्हायवॅक्स जातीचा, बांधकामांवर आणि गच्चीवरच्या टाक्यांत वाढणाऱ्या डासांचा. गडचिरोलीत फाल्सिपेरमचे राज्य आहे, आणि मेंदूचा हिवताप होऊन माणसे जातात ती प्रामुख्याने याच जातीमुळे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा सुमारे ७० टक्के भाग आजही जंगलाखाली आहे. पूर्वेला छत्तीसगडचा बस्तर, मधून इंद्रावती, पर्लकोटा, पामुलगौतम यांसारख्या नद्या आणि त्यांना मिळणारे असंख्य नाले. पावसाळ्यात पुलांवरून पाणी गेले की भामरागडसारखे गाव जगापासून तुटते. १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा बेशुद्ध रुग्णाला खाटेवर घालून, ती खाट खांद्यावर घेऊन मैलोन्‌मैल चालत आणत. रस्ते बरेच सुधारले आहेत, पण काही पाड्यांवर पावसाळ्यात आजही खाट हीच रुग्णवाहिका असते.

इथे हिवताप पसरवणारे डास प्रामुख्याने दोन जातींचे. ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीस धानाच्या बांध्यांत, बोड्यांत, नाला आटताना उरलेल्या डबक्यांत वाढतो. माणसापेक्षा गुराचे रक्त त्याला जास्त चालते. दुसरा ॲनॉफिलीस फ्लुव्हिएटिलिस, जंगलातल्या संथ वाहत्या, काठाला गवत असलेल्या स्वच्छ नाल्यांत वाढणारा. हा माणसाच्या रक्ताला चटावलेला असतो, त्यामुळे संख्येने कमी असूनही जास्त घातक. म्हणून नाल्याकाठच्या पाड्यावर हिवताप ठाण मांडून बसतो आणि चार-पाच किलोमीटरवरच्या मोकळ्या मैदानातल्या गावात वर्ष-वर्ष एकही रुग्ण सापडत नाही. पहिल्या पाड्यावरचा चौदा वर्षांचा मुलगा अर्धामुर्धा प्रतिकार घेऊन हिंडतो. दुसऱ्या गावातल्या चौदा वर्षांच्या मुलाजवळ काहीच नसते. मामाच्या घरी, लग्नाला किंवा तेंदूपत्त्याच्या कामाला तो त्या पाड्यावर राहिला आणि डासांचे चावे सोसून परतला, तर त्याचा आजार दोन वर्षांच्या बाळाइतक्याच वेगाने मेंदूपर्यंत जाऊ शकतो. ‘मोठा आहे, काढील दोन दिवस’ हे वाक्य अशा वेळी जीव घेते.

मिळवलेला प्रतिकार टिकतोही कमी. लागण थांबली की काही वर्षांत तो ओसरतो. सातवीनंतर नागपूरला किंवा चंद्रपूरला शिकायला गेलेली मुलगी अकरावीच्या दिवाळीत गावी येते तेव्हा ती स्वतःला त्याच मातीतली समजते, घरचेही तसेच समजतात. हिवतापाच्या दृष्टीने ती बरीचशी पाहुणी झालेली असते. गावात पोचल्यापासून साधारण आठवडा ते दोन आठवड्यांत तिला थंडी भरून आली, तर ते प्रवासाच्या दगदगीवर ढकलू नये. असा ताप कधी कधी वसतिगृहात परतल्यावर येतो. शहरातल्या डॉक्टरला ती कुठून आली हे माहीत नसेल, तर त्याच्या मनात आधी टायफॉइड आणि डेंगी येतात, आणि मोलाचे दोन दिवस जातात.

आता या मुलांच्या रात्री कशा जातात, ते पाहू. हिवतापाचा डास दिवसा सहसा चावत नाही. सूर्य मावळल्यापासून पहाटेपर्यंत त्याचा वेळ. म्हणून या मुलांचा धोका समजायचा तर दिवसापेक्षा त्यांच्या रात्रींचा हिशेब मांडायला हवा. भात निसवू लागला की रानडुकरांचा उपद्रव सुरू होतो आणि राखणीला शेतातल्या माळ्यावर झोपायला घरातली पोरे जातात. हे दिवस सप्टेंबर ते नोव्हेंबरचे, म्हणजे नेमके पाऊस ओसरून हिवताप वाढतो तेव्हाचे. माळ्याला भिंती नसतात, खाली पाणी साचलेली बांधी असते. नाल्यात रात्री मासे धरायला जायचे तेही याच वयाचे काम. सणाच्या, लग्नाच्या रात्री गावोगाव रेला नाच पहाटेपर्यंत चालतो, आणि त्यात सर्वांत पुढे तरुण पोरे-पोरी. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला उजाडण्याआधी घर सोडावे लागते. मे महिन्यात तेंदूपत्ता. अख्खे कुटुंब पान तोडायला जंगलात, प्रसंगी दूरच्या फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या जागी, मुक्कामाला. उन्हाळ्यात डास कमी असतात हे खरे, पण आटलेल्या नाल्याच्या डबक्याजवळ तळ पडला असेल तर कमी म्हणजे शून्य नव्हे.

यांपैकी कुठल्याच रात्री मच्छरदाणी टांगायला खुंटी नसते. घराच्या भिंतींवर केलेली कीटकनाशक फवारणी इथे निरुपयोगी. तसाही तिचा परिणाम अनेकदा पुसला जातो, कारण फवारणीनंतर सण आला की घरची बाई माती-शेणाने भिंती सारवते आणि औषध सारवणाखाली जाते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. फवारणीची तारीख ठरवणाऱ्याने गावचे सण पाहायला हवेत.

मुलींच्या रात्रींबद्दल वेगळे बोलायला हवे. माडिया गोंड समाजाच्या बऱ्याच गावांत पाळीच्या दिवसांत मुलींनी आणि बायकांनी गावाच्या कडेला असलेल्या कुर्मा घरात राहायचे असते. छोटी झोपडी, कधी दार नसलेली, कधी भिंतीला फटी पडलेल्या. पाळी सुरू झालेली बारा-तेरा वर्षांची मुलगी महिन्यातल्या चार-पाच रात्री तिथे काढते. गावात घरटी मच्छरदाण्या वाटल्या जातात, नोंदवहीत घरे मोजली जातात, पण कुर्मा घर हे कुणाचेच घर नसल्याने ते मोजणीतून सुटू शकते. प्रथेविषयी गावाशी बोलत राहिले पाहिजे, आणि ते काम तिथल्या बायका करतही आहेत. मात्र ती बदलेल तेव्हा बदलेल. तोवर प्रत्येक कुर्मा घरात टांगलेली मच्छरदाणी असणे ही अगदी साधी मागणी आहे, आणि ती याच पावसाळ्याआधी पुरी करता येण्यासारखी आहे.

मुलींच्या बाबतीत हिवताप एकटा येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या सुमारे ५९ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. पाळी सुरू झालेली, उंची भराभर वाढणारी, आहारात लोह कमी असलेली मुलगी आधीच काठावर असते. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशी फोडतच वाढतो. दर ४८ तासांनी एक पिढी पेशी फोडून बाहेर पडते. ताप नसलेली, महिनोन्‌महिने चाललेली लागणही रक्त खात राहते. ‘अशक्त आहे, गोळ्या देऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही’ अशी मुलगी हिवतापाच्या गावातली असेल, तर लोहाच्या गोळ्यांबरोबर तिचे रक्तही हिवतापासाठी तपासायला हवे.

तीच मुलगी सतरा-अठराव्या वर्षी गरोदर राहिली तर धोका आणखी वाढतो. नाळेत परजीवीला चिकटायला एक वेगळीच जागा मिळते आणि त्यासाठी तो एक वेगळे प्रथिन वापरतो. ते प्रथिन स्त्रीच्या शरीराने त्याआधी कधी पाहिलेले नसते. लहानपणापासून मिळवलेला सगळा प्रतिकार या एका जागी कुचकामी ठरतो. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणापर्यंत शरीर तेही ओळखू लागते, म्हणून पहिलटकरणीला सर्वांत जास्त भोगावे लागते: गंभीर रक्तक्षय, कमी वजनाचे बाळ, कधी गर्भपात. आणि कुमारवयीन गरोदर मुलगी बहुतेक वेळा पहिलटकरीणच असते. लवकर लग्न होऊ नये याची जी अनेक कारणे आपण सांगतो, त्यांत हिवतापाच्या जिल्ह्यांपुरते हे एक ठळकपणे जोडायला हवे.

विदर्भात सिकलसेलचाही विचार करावा लागतो. ज्यांच्यात सिकलसेलचे एकच जनुक असते, ज्यांना आपल्याकडे वाहक म्हणतात, त्यांना फाल्सिपेरमच्या गंभीर आजारापासून बरेच संरक्षण मिळते. अँथनी ॲलिसन यांनी हे १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले. दोन्ही जनुके असलेल्या, म्हणजे प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार असलेल्या मुलांचे मात्र नेमके उलटे होते. त्यांना झालेला साधा हिवतापही जीवघेणा ठरू शकतो. त्यामुळे शाळेत सिकलसेलची तपासणी होते तेव्हा रुग्ण आणि वाहक यांतला फरक मुलाला आणि पालकांना नीट समजावून सांगणे, आणि रुग्ण मुलाच्या मच्छरदाणीवर वेगळे लक्ष ठेवणे, हे शिक्षकांना करता येण्यासारखे काम आहे.

शाळेचा विषय निघालाच आहे. पश्चिम केनियात ३० प्राथमिक शाळांमध्ये झालेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक सत्रात एकदा मुलांना, आजारी असोत वा नसोत, हिवतापाचे पूर्ण औषध दिले. रक्तक्षयाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले, आणि वर्गात लक्ष एकाग्र ठेवण्याच्या चाचण्यांत ही मुले औषध न मिळालेल्या मुलांपेक्षा पुढे गेली. ज्यांना आपण आजारी मानतच नव्हतो त्या मुलांच्या डोक्यावर केवढे ओझे होते, हे यातून कळते. वर्गात पेंगणाऱ्या, गणित चुकणाऱ्या मुलाला मंद ठरवण्याआधी त्याच्या रक्तात काय आहे ते पाहावे, असे मला फार वाटते. पुढे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मध्यम ते तीव्र प्रसाराच्या भागांत शाळकरी मुलांना असे प्रतिबंधक औषध देण्याची शिफारसही केली.

ती जशीच्या तशी गडचिरोलीत आणावी, असे मी म्हणणार नाही. जिल्ह्याच्या बऱ्याच भागांत प्रसार तेवढा तीव्र नाही. सरसकट सर्वांना औषध दिले तर गरज नसलेल्यांच्या पोटात ते जाईल आणि परजीवी औषधाला सरावण्याचा धोका वाढेल. आपल्यासाठी जास्त शिकण्यासारखे शेजारी घडले. ओडिशाने २०१७ मध्ये ‘दमन’ नावाची मोहीम सुरू केली. दुर्गम पाड्यांवर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर शिबिरे घेऊन ताप असलेल्या-नसलेल्या सर्वांचे रक्त तपासायचे, ज्याच्या रक्तात परजीवी सापडतील त्याला तिथेच औषध द्यायचे. त्याच सुमारास मोठ्या प्रमाणावर मच्छरदाण्याही वाटल्या गेल्या. २०१६ मध्ये ४ लाखांच्या वर असलेले ओडिशातले रुग्ण २०१९ मध्ये ४० हजारांच्या आत आले. छत्तीसगडने २०२० च्या जानेवारीत बस्तरमध्ये घरोघर तपासणी सुरू केली. पहिल्याच फेरीत, ज्यांच्या रक्तात परजीवी सापडले त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना कसलेही लक्षण नव्हते. बस्तर आणि भामरागड यांच्यामध्ये इंद्रावती आहे. डासाला आणि नातेवाइकांना ती अडवत नाही. महाराष्ट्र सरकारनेही गडचिरोलीसाठी डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले आहे. देशाने २०३० पर्यंत हिवतापाच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे, म्हणजे वेळ फार नाही.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या आर-२१ या हिवतापाच्या लसीबद्दल वाचकांनी ऐकले असेल. ऑक्सफर्ड विद्यापीठात विकसित झालेल्या या लसीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली. ती पाच महिन्यांपासूनच्या बाळांसाठी आहे आणि आफ्रिकेतल्या मुलांसाठी मोठा आधार ठरते आहे. आपल्या कुमारवयीनांना तिचा सध्या उपयोग नाही. आपल्या हातात आहेत ते मच्छरदाणी, वेळेवर तपासणी आणि पूर्ण औषध.

पूर्ण हा शब्द महत्त्वाचा. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात बोट टोचून केलेली जलद चाचणी १५-२० मिनिटांत निकाल देते. फाल्सिपेरम निघाला तर तीन दिवसांचे औषध असते आणि त्यात दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनचा एकच डोस. पाकिटांचे रंग वयाप्रमाणे ठरलेले आहेत: ९ ते १४ वर्षांना लाल, १५ आणि पुढे पांढरे. पहिल्या दिवशी ताप उतरतो आणि पोरगा उरलेल्या गोळ्या चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवून खेळायला पळतो, हे या वयात नेहमीचे. व्हायवॅक्समध्ये तर प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते, कारण हा परजीवी यकृतात दडून बसतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा उठतो. चौदा दिवस गोळी घेण्याची शिस्त कुणातरी मोठ्याने डोळ्यांसमोर गोळी दिल्याशिवाय साधत नाही. याच गोळीबद्दल दोन सावधगिऱ्या आहेत. काही जणांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचे विकर कमी असते, त्यांच्या पेशी तिने फुटतात. लघवी चहासारखी काळसर झाली तर गोळी लगेच थांबवून दवाखाना गाठायचा. आणि गरोदरपणात ती द्यायची नसते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला हे औषध देताना तिला बाजूला घेऊन, प्रेमाने, चारचौघांत नाही, विचारून घ्यावे लागते. अनुभवी आशाताईंना हे बरोबर जमते.

चाचणीचीही एक मर्यादा सांगायला हवी. काही जलद चाचण्या उपचारानंतरही काही आठवडे पॉझिटिव्हच दाखवत राहतात. मुलगा बरा झाला असूनही पट्टीवर रेघ दिसली म्हणून त्याला पुन्हा तेच औषध देऊ नये. शंका असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली रक्त पाहून घ्यावे.

मुलाला ताप असताना झटका आला, तो बरळू लागला, शुद्ध हरपू लागली, सतत उलट्या होऊन गोळी पोटात राहीना, डोळे पिवळे झाले किंवा श्वास जोराने चालू लागला, तर घरी किंवा मंत्र-उपचार करणाऱ्या पुजाऱ्याकडे थांबायची वेळ नसते. पुजाऱ्याशी भांडूनही उपयोग नाही. गावाचा त्याच्यावर विश्वास असतो. ‘ताप असेल तर आधी आशाताईकडे पाठवा, मग तुमचे करा’ असे त्यालाच सांगितले तर अनेक पुजारी ते मानतात, आणि मुलाचा अर्धा दिवस वाचतो.

या सगळ्याची सुरुवात कुठून करावी, असे मला कुणी विचारले तर मी आश्रमशाळा म्हणेन. शेकडो मुले एका छपराखाली, नावानिशी, हजेरीत असतात. उन्हाळ्याची सुट्टी आणि दिवाळीची सुट्टी संपवून ती वेगवेगळ्या पाड्यांवरून येतात, आणि कुणाच्या ना कुणाच्या रक्तात परजीवी येतात. शाळेच्या आवाराजवळ नाला आणि डास असले की बाकीच्यांना लागण व्हायला वेळ लागत नाही. पण हीच मुले महिना-दोन महिन्यांनी पुन्हा पाड्यांवर जाणार असतात, म्हणून इथे केलेला उपचार गावापर्यंत पोचतो. खाटेला खाट लागलेल्या दालनात मच्छरदाणी टांगायला आधी दोऱ्या आणि खिळे लागतात, हे क्षुल्लक वाटेल. कितीतरी ठिकाणी घोडे तिथेच अडते. ज्या मुलाला शाळेत मच्छरदाणीत झोपायची सवय लागते तो घरी तिची मागणी करतो. राखणीला जाताना माळ्याच्या चार काठ्यांना ती बांधता येते, हेही त्याला एकदा दाखवले की तो स्वतः करतो. या वयाची मुले सांगितलेले ऐकत नाहीत, असा एक समज आहे. हाती जबाबदारी दिली तर हीच मुले पाड्यावर धाकट्यांचे ताप ओळखतात, डबक्यातल्या अळ्या शोधतात आणि आशाताईला बोलावून आणतात.

म्हणून हे वाचणाऱ्यांत कुणी आश्रमशाळेत शिक्षक, अधीक्षक किंवा अधीक्षिका असतील, प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत असतील, किंवा आदिवासी विकास विभागात निर्णय घेण्याच्या जागी असतील, तर त्यांना माझी एवढीच विनंती आहे: जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर मुले परततील तेव्हा, पहिल्या आठवड्यातच प्रत्येक मुलाचे आणि मुलीचे रक्त हिवतापासाठी तपासा, ताप असो वा नसो, आणि त्याच आठवड्यात प्रत्येक खाटेवर मच्छरदाणी टांगली गेली आहे का, हे रात्री स्वतः जाऊन पाहा.